कोंडीरामची घागर

"बांध फुटला तर माझी आई आणि दोन भाऊ वाहून जातील साहेब. आणि कागदावर म्हणे, सुरक्षित!"

लालबागच्या गिरणीत काम करणाऱ्या चंपाने पोस्टकार्ड टेबलावर ठेवले. खासगी गुप्तहेर चिंतामणी आगाशे ते वाचू लागले. त्यांचा मदतनीस धोंडू खांद्यावरून डोकावला. सत्तावन्न सालचा श्रावण होता.

खोपोलीकडे अप्पा बिवलकरांच्या चिकूच्या बागेसाठी मातीचा खासगी बांध होता. चंपाचे वडील कोंडीराम तिथले राखणदार. मास्तरांकडून लिहवून घेतलेले कार्ड सांगत होते : 'पाझराखाली घागर पूर्वीसारखीच पाच वेळांत भरते. पण पायथ्याशी माझे पाय घोट्यापर्यंत बुडतात.'

"घड्याळ आहे त्यांच्याकडे?"

"कुठलं? तोंडानं एकच गोष्ट पुन्हापुन्हा म्हणत मोजतात."

"म्हातारा चळलाय," धोंडू नंतर पुटपुटला.

गिरगावात अप्पांच्या फाटकावर 'मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे चुन्याने रंगवले होते. अप्पा आधीच त्यावर चिडले होते.

"कोंडीराम घाबरट आहे. मोरी उघडून तलाव रिकामा केला तर उन्हाळ्यात बाग करपेल. इंजिनियरनं बांधाला 'अ' श्रेणी दिली आहे, म्हणजे सुरक्षित!"

प्रभादेवीला इंजिनियर शरच्चंद्र भेटले. माणूस सरळ वाटला.

"पंचावन्नच्या पावसात मी स्वतः घड्याळ लावलं होतं. त्याचं पाच वेळा म्हणून झालं की घागर भरायची. दहा मिनिटं. यंदाही आकडा पाचच."

"यंदा तिथं गेला होतात?"

शरच्चंद्रांनी मान खाली घातली. "त्याची कार्डं वाचली."

"म्हणजे घरबसल्या कागदी घोडे. चला लालबागला. अप्पांनाही घेऊ, त्यांच्याच मोटारीतून."

चंपाच्या खोलीत भिंतीवर चार फिकट चौकोन उरले होते. मध्ये बुद्धाची एकच तसबीर होती.

"इथले देव कधी उतरवले?" चिंतामणींनी विचारले.

"डिसेंबरात. दीक्षा घेतली ना. बाबाही आले होते."

चिंतामणींनी घड्याळ काढले. "बाबा आता मोजताना काय म्हणतात, ते त्यांच्यासारखंच म्हणा."

चंपाने हात जोडून त्रिशरण म्हटले. एक मिनिट झाले.

"पूर्वी काय म्हणायचे?"

"अभंग. पण आम्ही आता तो म्हणत नाही."

"एकदाच. आईसाठी."

ती हलक्या आवाजात, वडिलांच्या चालीवर गायली. दोन मिनिटे झाली.

"खोटं कुणीच बोललं नाही," चिंतामणी म्हणाले. "घागर तीच, आकडाही पाचच. पण कोंडीरामांनी धर्म बदलला, तोंडातले शब्द बदलले, आणि त्याबरोबर माप अर्धं झालं. दहा मिनिटांची घागर आता पाच मिनिटांत भरते. पाझर दुप्पट झालाय. त्यांचे पाय तेच सांगत होते."

शरच्चंद्र अप्पांकडे वळले. "अप्पा, मोरी उघडा. आत्ता! खालची घरं टेकडीवर हलवा."

अप्पांनी बागेची एकदाही आठवण काढली नाही. कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलातून त्यांनीच खोपोलीला ट्रंक कॉल लावला.

पाचव्या दिवशी चंपा नवे कार्ड घेऊन आली. बांध मधोमध खचला होता, पण तोवर तलाव जवळजवळ रिकामा झाला होता. बांधाखालची वीसही घरे शाबूत होती.

"बाबा विचारतायत," ती म्हणाली, "त्यांनी खोटं लिहिलं का?"

"त्यांना लिहा," चिंतामणी म्हणाले, "कार्डातल्या दोन्ही ओळी खऱ्या होत्या. इथल्या शिकलेल्यांनी एकच वाचली."