दोन चरांचं पाणी

नेमसिंगची तिसरी म्हैस मेली, त्याच सकाळी तो हिंगोलीला रविंद्र खिल्लारेच्या दारात येऊन उभा राहिला. साल २००३. रविंद्र खासगी तपास करायचा आणि निवृत्त जमादार किशनराव त्याच्या सोबत असायचे.

"आधी आंधळी झाली, साहेब. मग दात खात गोल गोल फिरली अन् पडली. डॉक्टर म्हणले, विषबाधा."

"संशय कुणावर?"

"शेजारच्या प्रेमदासवर. बांधाचं भांडण हाय. एकाच नाल्याचं पाणी दोघांच्या हौदात येतं. त्याच्या म्हशी ठणठणीत, माझ्याच काहून मरून राहिल्या?"

दुपारी तिघं गोरेगावजवळच्या तांड्यावर पोचले. नाल्यापासून दोन चर निघत होते. प्रेमदासच्या मातीच्या चरात निळसर-हिरव्या बुळबुळीची जाड गादी साचली होती. नेमसिंगचा सिमेंटचा चर मात्र लख्ख.

"दर सोमवारी मीच घासते," नेमसिंगची बायको मिराबाई अभिमानानं म्हणाली. "दिवाळीपासून. आधी आमच्यातबी तसलीच घाण व्हती."

किशनरावांनी प्रेमदासला दरडावलं. "घाणेरडं पाणी पिऊन तुझी जनावरं जगतात, अन् चांगलं पिऊन त्याची मरतात? खरं बोल!"

"माझा गुडघा वाकत न्हाई, मी चर कवा साफ करू?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "भांडण मानसाशी हाय. मुक्या जनावराला कोन मारील?"

रविंद्रनं दोन्ही हौदांचं आणि नाल्याचं पाणी बाटल्यांत भरलं. थोडी बुळबुळही घेतली.

नाल्याच्या वरच्या अंगाला पुनमचंदचं बॅटरी दुरुस्तीचं शेड होतं. गेल्या वर्षी उघडलेलं.

"जुन्या बॅटऱ्या मी बाहेर पाठवतो," पुनमचंद म्हणाला. "तुमी प्रेमदासलाच धरा."

टेबलावर करड्या गोळ्यांचा ढीग होता. रविंद्रनं एकीवर नख ओढलं. चकचकीत चरा उमटला.

"सिद्धेश्वर धरणावरच्या कोळ्यांना लागतात, जाळ्याला वजन म्हणून. इथंच ओततो," पुनमचंदनं सांगितलं.

चार दिवसांनी नांदेडच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. रविंद्रनं सगळ्यांना तांड्यावरच्या कडुलिंबाखाली बसवलं.

"विष कुणी हौदात घातलं नाही. ते नाल्यातूनच आलं. शिसं! पुनमचंद, बॅटऱ्या बाहेर जातात, तर गोळ्या ओतायला शिसं कुठलं? तुम्ही बॅटऱ्या इथंच फोडून वितळवता, अन् धुतलेलं पाणी नाल्यात सोडता."

पुनमचंदची मान खाली गेली.

"मग प्रेमदासची जनावरं?" किशनरावांनी विचारलं.

"ती बुळबुळ म्हणजे उन्हावर जगणारे जिवाणू, किशनराव. पाण्यातलं शिसं ते अंगाला चिकटवून घेतात, काही आतही ओढतात. अहवालात शिसं सापडलं नाल्यात, नेमसिंगच्या हौदात आणि त्या गादीत. प्रेमदासच्या हौदात जवळजवळ नाही. शेड वर्षाचं, पण म्हशी मेल्या चर घासायला लागल्यावर."

मिराबाईनं तोंडाला पदर लावला. "म्हंजे माझ्याच हातानं..."

"नाही ताई. तुम्ही स्वच्छता केली. विष पुनमचंदनं सोडलं. सध्या दोन्ही हौद बंद ठेवा. गादीही जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका. शिशानं तिचं पोट आता भरत आलंय."

पोलीस पुनमचंदला घेऊन गेले. किशनरावांनी सगळ्यांसमोर प्रेमदासपुढे हात जोडले. "चुकलो, बाबा." नेमसिंग तर त्याच्या पायांवरच वाकला.

"तुमचा गुडघा धड असता, तर तुमचीबी जनावरं गेली असती, काका. अन् ती वाचली म्हनून मी तुमालाच गुन्हेगार मानलं."

प्रेमदासनं त्याला उठवलं. मग गोठ्यात जाऊन दुभती म्हैस सोडून आणली. दावं त्यानं मिराबाईच्या हातात दिलं.

"तुझी लेकरं बिनदुधाची हाईत, पोरी. ने."