बूट घातलेलं गिऱ्हाईक

फोन आला तेव्हा प्यो मिग्योंगने नुकताच डबा उघडला होता.

"बाई, एकदा येऊन पाय बघून जा," भाजलेल्यांच्या वॉर्डातला डॉक्टर म्हणाला. "पोरगा म्हणतो, मी हॉटेलात गिऱ्हाईक होतो. मला काही पटत नाही."

प्यो कामगार खात्यात अपघातांची तपासनीस होती. रोज कुणी ना कुणी तोंडावर खोटं बोलायचं, त्यामुळे तिची जीभ तिखट झाली होती आणि तिला त्याची लाज नव्हती.

ती वॉर्डात पोचली. पोरगा उझबेकिस्तानचा, नाव जावलोन. कोरियात, चोंगजू शहरात भाषा शिकायला येऊन जेमतेम दोन महिने झालेले. डावा पाय नडगीच्या मध्यापर्यंत सोलवटून निघाला होता. त्याच्या वर, गुडघ्याकडची कातडी मात्र नुसती लालसर. दोन्हींमधली कड सगळीकडून सरळ, मोजा घातल्यासारखी.

"मांडीची कातडी काढून लावावी लागेल, तीही लवकर," डॉक्टर म्हणाला. "नाहीतर पाऊल जाईल. कामावर भाजला असेल तर विम्यातून होईल. गिऱ्हाईक असेल तर बिल त्याच्याच डोक्यावर. त्याच्याकडे दमडी नाही."

"काम करत होतास?" प्योने विचारलं.

"नाही. मी जेवायला. चुकून आत गेलो." पाठ केलेली वाक्यं होती.

"पायात काय होतं?"

त्याला प्रश्नच कळला नाही. तिने स्वतःच्या बुटांकडे बोट दाखवलं. त्याने खाटेखालच्या पिशवीकडे दाखवलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्याच्या पायातून काढलेले कॅनव्हासचे बूट त्यात होते, घोट्याखाली संपणारे.

---

"ए! बूट खाली काढा! डोळे फुटलेत का?"

मालकीण मेंगबाई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकावर खेकसली. हाडांच्या सूपाचं जुनं हॉटेल. उंच लाकडी जमिनीवर बैठी मेजं, पायरीशी चपलाबुटांची रांग. प्योने आपलेही बूट काढले.

"तो पोरगा इथे कामाला होता?"

"छे! तोंडही पाहिलं नाही कधी. जेवत होता, मोरी शोधत भटारखान्यात घुसला आणि सूपाचं भांडं अंगावर घेतलं. वर माझंच सूप वाया."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी गल्ल्यावर होते. आतून निरोप आला."

भटारखान्यात शिममावशी कोबी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"मावशी, तुम्ही कुठे होतात?"

"मागच्या गल्लीत, कोबी उतरवून घेत होते. कोबीवाल्याला विचारा."

"किंकाळी ऐकलीत?"

"एक. मग चिडीचूप."

तिसरा माणूस ओताबेक. तोही उझबेक, चार वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून आलेला, आता इथला आचारी.

"जावलोनला ओळखतोस?"

"तोंडओळख, मॅडम. मी कचरा टाकायला गेलो होतो. परत आलो तर हा जमिनीवर."

भिंतीशी गमबुटांचे तीन जोड होते. एक मावशीच्या मापाचा, एक ओताबेकचा. तिसरा आतूनबाहेरून घासून उलटा ठेवलेला.

"हा कुणाचा?"

"कुणाचा नाही," मेंगबाई दारातून हसली. "आवडला असेल तर घेऊन जा."

---

प्योने तिघांना बाहेरच्या मेजाशी बसवलं.

"सूप नुसतं सांडलं असतं तर ओघळून गेलं असतं. त्याच्या पायाभोवती ते साचून राहिलं, नडगीच्या मध्यापर्यंत. कॅनव्हासच्या बुटात नडगीएवढं सूप साचत नाही. गमबुटात साचतं. आणि गमबूट घालून कोणी जेवायला येत नाही. तो कामावर होता. नंतर कुणीतरी गमबूट ओढून काढले आणि त्याच भाजलेल्या पायात त्याचे बूट चढवले."

"ही बघा, हीच असणार!" मेंगबाईने मावशीकडे हात केला.

"थांबा. तुमचीही पाळी येईल. तुम्ही मात्र ही चूक केली नसती. दिवसभर याच गोष्टीवरून गिऱ्हाइकांवर ओरडता. इथे जेवणारा माणूस नुसत्या मोज्यांवर आत गेला असता. बूट चढवणाऱ्याला ते सुचलं नाही, कारण तो कधी या जमिनीवर बसून जेवलाच नाही. मागच्या दाराने येतो, मागच्या दाराने जातो."

मावशी पुटपुटली, "आम्ही दोघंही."

"हो. पण किंकाळी एकच. सोललेल्या पायातून बूट ओढला जातोय आणि पोरगा गप्प? त्याला कुणीतरी समजावलं: ओरडू नकोस, तू गिऱ्हाईक आहेस, असं असं सांग. त्याला कोरियनमध्ये 'पायात काय होतं' एवढंही कळत नाही. मग हे सगळं त्याला कुठल्या भाषेत समजलं, ओताबेक?"

ओताबेकने भटारखान्याकडे बोट केलं.

"ते भांडं दोघांनी उचलायचं असतं," तो म्हणाला. "गर्दी होती. मी म्हटलं, एकटा उचल, बायकीपणा करू नकोस. मला आका म्हणतो, मोठा भाऊ. मी सांगितलं ते त्याने केलं." मग आवाज चढला. "त्याच्याकडे कामाचा परवाना नाही! कळलं असतं तर देशाबाहेर हाकलला असता. मी वाचवला त्याला!"

"मूर्खा, परवाना नसला तरी विमा मिळतो. तू त्याचं पाऊल घालवत होतास."

ओताबेकने स्वतःच्या पँटचा पाय वर ओढला. उजव्या नडगीवर जुना, चकचकीत व्रण होता.

"मला कुणी सांगितलं नाही. माझ्या वेळी मालकीणबाईंनीच बूट काढले. म्हणाल्या, घरी चहा सांडला म्हणून सांग. मला वाटलं, असंच करतात."

"खोटारडा!" मेंगबाई उठली. "तुझ्या व्हिसाच्या कागदावर माझी सही लागते, विसरलास? एक शब्द बोललास तर पुढच्या महिन्यात विमानात बसशील!"

"ऐकलंस ना?" प्यो त्याला म्हणाली. "तुझ्या जबाबाशिवाय माझ्याकडे एक पाय आणि एक धुतलेला बूट आहे. या बाईचा वकील दोन्ही उडवून लावेल."

ओताबेकने पँटचा पाय खाली केला. मग मालकिणीकडे न बघता म्हणाला, "घ्या लिहून."

---

विमा मंजूर झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्यो दुभाषी घेऊन वॉर्डात गेली आणि तिने जावलोनला सगळं सांगितलं.

"आकाला परत पाठवतील?" त्याने विचारलं.

"बहुतेक. मालकीण आता कागदावर सही करणार नाही."

"त्याने जबाब दिला म्हणून माझं पाऊल राहील?"

"हो."

जावलोनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तो जे बोलला ते सांगताना दुभाषी अडखळला.

"म्हणतो, पाठवू द्या त्याला."