बोलत न्हाई, एवढीच तक्रार

"तक्रार हाय साहेब!" जिवनबाई खाटेवर ताठ बसत म्हणाली, आणि पाण्याची कळशी घेऊन येणारी द्वारकाबाई दारातच थबकली.

परभणीहून आलेले तपासनीस मोहियोद्दीनसाहेब सकाळपासून नरसीच्या वाटेवरचं ते वृद्धगृह तपासत होते. माणूस भला, पण नजर मोठी बारीक! व्यवस्थापक किसनरावांनी पुढं केलेला चहा त्यांनी बाजूला सारला, "तुम्ही जरा बाहेर बसा" म्हणून त्यांनाच अंगणात पाठवलं आणि एकेका खाटेशी स्वतः जाऊन बसले. गोधड्या उचलून नाकाशी धरल्या, रांजणात हात घालून तळ चाचपला, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी पाहिल्या, टाचा पाहिल्या, नखं पाहिली. जिवनबाई तर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेली म्हातारी. पण तिच्या टाचेला एक भेग नव्हती, केस तेल लावून विंचरलेले, लुगडं स्वच्छ. साहेबांच्या तोंडून "वा!" निघालं होतं... आणि नेमकी हिचीच तक्रार निघावी!

"काय तकलीफ आहे आजी? जेवणाची?"

"जेवण बराबर हाय. भाकर वरणात कुस्करून देती."

"मग आंघोळपाणी?"

"रोज न्हाऊ घालती. ताप आला तवा चार रोज उशाशी बसून व्हती. खोटं काहून बोलू?"

"मग तक्रार कशाची?"

"ती बोलत न्हाई!" म्हातारीचा आवाज एकाएकी चिरकला. "तीन वर्सं झाली साहेब! भायेर तिचं कुजबुजणं ऐकू येतं मला. माझ्यापाशी आली की मुकी! मला डोळे न्हाईत. मला माणूस दिसतं ते आवाजानंच. ती पाणी देती, पाय चेपती, पर कोण हाय, कशी हाय, माझ्यावर रागावली का हासली, काय बी कळत न्हाई. आवो, ढोराला चारा टाकताना बी माणूस दोन शबुद बोलतं! म्या काय पाप केलं?"

द्वारकाबाईनं कळशी भिंतीशी टेकवली. आई गं... ही तर तिच्याविरुद्धचीच तक्रार होती! आणि ज्या मौनाला ती आजवर आपली सेवा समजत आली, त्याच मौनानं त्या आंधळ्या जिवाला रोज डागण्या दिल्या होत्या, हे तिला या क्षणी पहिल्यांदा कळत होतं.

कारण ती जिवनबाईची सून होती... आणि जिवनबाईला ते ठाऊक नव्हतं.

एक काळ होता, साखऱ्यात द्वारकेच्या तोंडाची ख्याती होती. पहाटे उठल्यापासून जी सुरू व्हायची ती दिवा मालवेपर्यंत. कोंबड्यांशी बोलेल, चुलीशी भांडेल, शेजारणीला भिंतीवरून हाका मारील! सासू वैतागायची आणि हसायचीही. पण एके दिवशी नवरा अमृतराव घर सोडून गेला तो गेलाच. जिवनबाईनं कपाळ बडवून घेतलं आणि सगळ्या गावासमोर सुनेकडं बोट केलं. "तुझ्या जिभेला कटाळून माझं लेकरू गेलं! आजपासून तुझा आवाज माझ्या कानावर पडला, तर मी अन्नाला शिवणार न्हाई. अमृतची शपथ हाय मला!"

द्वारकेला खरं माहीत होतं. अमृतरावानं दुसरीशी संसार थाटला होता, औरंगाबादेला. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता तो. एका वाक्यात ती निर्दोष सुटली असती! पण लेक माझ्या ओढीनं परत येईल, या एका आशेवर म्हातारी जगत होती. ती आशा कशी मोडायची? द्वारकेनं ओठ मिटले, कलंक पदरात घेतला आणि कनेरगाव नाक्याला भावाकडं निघून गेली.

मग कळलं की सासूचे डोळे गेले, गावकऱ्यांनी तिला या वृद्धगृहात आणून घातलं. त्याच आठवड्यात द्वारका किसनरावांसमोर हात जोडून उभी राहिली. काम मिळालं. किसनरावांना तिनं सगळं सांगितलं आणि नाव कुणाला सांगू नका, एवढंच मागितलं. तेव्हापासून ती नुसती 'बाई' झाली. सवाष्णीनं बांगड्या उतरवायच्या नसतात, म्हणून तिनं त्यांना चिंध्या गुंडाळल्या. किणकिण ओळखीची वाटायला नको. सासूजवळ शब्द उच्चारायचा नाही... आवाज कानी पडला तर म्हातारी अन्न सोडील, आणि शब्दाची इतकी पक्की बाई खरोखरच सोडील, याची तिला खात्री होती.

"बाई, इकडं या," साहेबांनी हाक मारली. ती जवळ आली. "आजी म्हणतात ते खरं आहे?"

तिनं मान हलवली.

"तोंडानं सांगा."

तिनं पदर तोंडावर धरला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज चढवला नाही, पण शब्द सरळ होते. "बाई, तुमचं काम मी पाहिलंय. इतकं साफ काम मी बऱ्याच जागी पाहत नाही. पण देखभाल म्हणजे नुसतं तेलपाणी नव्हे. तीन वर्षं एका आंधळ्या बाईशी शब्द बोलायचा नाही, हा छळ झाला. कारण असेल तर सांगा. नसेल तर मला शेरा लिहावा लागेल, या खोलीवर दुसरी बाई नेमा म्हणून. आजच."

दुसरी बाई! दुसरीला कसं कळणार की म्हातारीला उजव्या कुशीवर निजवलं तर ठसका लागतो? भाकरीचा पापुद्रा काढून टाकावा लागतो? रोज संध्याकाळी ती दाराकडं तोंड करून बसते, तेव्हा तिला एकटं सोडायचं नसतं? बोललं तर ती अन्न सोडणार. न बोललं तर आपणच तिला सोडून जाणार... देवा, कोणत्या कसोटीला उभं केलंस! तिनं सासूच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो चेहरा तहानेल्या माणसासारखा तिच्या दिशेनं वर झाला होता.

नाही. आता हा छळ आपल्या हातून नको!

"आत्याबाई..." ती म्हणाली.

एवढाच शब्द! पण खोलीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही माना वळवल्या. जिवनबाईनं आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. मग अगदी हळू, "द्वारके?"

"व्हय, आत्याबाई. मीच हाय."

म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढ्यात दुपारच्या जेवणाची ताटं आली. द्वारकाबाईनं नेहमीप्रमाणे भाकर कुस्करली, वरण घातलं, ताट खाटेवर ठेवलं. जिवनबाईनं हातानं चाचपून ते दूर लोटलं. वरण सांडलं.

"पाह्यलं साहेब?" द्वारकाबाईचा बांध फुटला. "म्हून मी मुकी झाले! माझा आवाज ऐकला तर अन्नाला शिवणार न्हाई, अशी शपथ घेतली व्हती यांनी! आता मी कुठं जाऊ?" तिनं सासूचे पाय धरले. "आत्याबाई, मला घालवा, मारा, पर जेवा! शपथ सुटली म्हणा! एवढं एकदाच म्हणा, सुटली म्हणा!"

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"कशी सुटली म्हणू?" जिवनबाई रडत होती. "अमृतची शपथ हाय ती. पोटचा गोळा हाय तो..." आणि मग तिच्या आतून काहीतरी उसळून आलं. "पोटचा! गेल्या संक्रांतीला आपल्या गावचा नरसिंग भेटाया आला व्हता. तू पाण्याला गेली असशील. त्यानं सारं सांगितलं. औरंगाबादला बायको हाय, दोन लेकरं हायेत. माय आंधळी झाली हे ठावं हाय त्याला. ठावं असून आला न्हाई!"

द्वारकाबाईचं रडणं थांबलं. "तुमाला... ठावं व्हतं?"

"तवापासून कान तुझ्या आवाजाला तरसले गं! नरसिंगाला म्हनलं, द्वारकेला निरोप दे, सासूनं माफी मागितली म्हून सांग. तो म्हनला, ती नाक्यावर न्हाई, कुठं गेली कुणाला ठावं न्हाई. मला वाटलं, मी तुला जितेपणी गमावलं." तिनं चाचपडत सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांवरून, गालांवरून बोटं फिरवली. "आन तू इथंच व्हतीस! माझ्या उशाशी! पुरं एक वरीस गं... मी रोज रात्री तुझ्यासाठी रडायची आन तूच माझं तोंड पुसायची! एक शबुद का न्हाई बोललीस, माय माझी?"

अपार मायेपोटीच ती गप्प राहिली होती, आणि त्याच मायेनं त्यांचं एक वर्ष खाऊन टाकलं होतं. ते वर्ष आता कुठल्याही दारी मागून मिळणार नव्हतं. द्वारकाबाई सासूच्या मांडीत डोकं घालून हुंदके देत राहिली.

"सुटली," जिवनबाई म्हणाली. "ज्यानं वळून पाह्यलं न्हाई त्याच्या नावानं मी तुझं तोंड बांधलं. सुटली, सुटली, सुटली! आण ते ताट."

उरलेला भाकरकाला तिनं सुनेच्या हातून खाल्ला. साहेबांनी डोळे टिपले आणि कागद पुढं ओढला. "आजी, तक्रार खोडून टाकू?"

"काहून खोडता? खरी हाय ती! लिवा, तीन वर्सं सून बोलली न्हाई. आन त्याच्या खाली हे बी लिवा, की चूक सासूची व्हती."

साहेबांनी अक्षरशः तसंच लिहिलं, म्हातारीचा अंगठा घेतला आणि किसनरावांना हाक मारून पुढची खोली दाखवायला सांगितलं.

खोलीत दोघीच बोलणाऱ्या उरल्या. साखऱ्यातली ती बडबडी द्वारका, जिचं तोंड कधी मिटत नसे, ती "काय बोलू?" असं विचारत होती!

"काय बी बोल," जिवनबाई आडवी होत म्हणाली. "अंगणात काय हाय ते सांग. तू कोणतं लुगडं नेसलीस ते सांग. केस पिकले का तुझे?"

"पिकले की, आत्याबाई. कानापाशी बरेच पिकले."

"हाय रे कर्मा... बोल, बोल."

द्वारकाबाई बोलू लागली. लिंबाखाली वाळत घातलेल्या गोधड्या, किसनरावांच्या चपलेचा तुटलेला बंद, शेजारच्या शेतातली तूर, भावाच्या घरची चोरटी मांजर... सुरुवातीला अडखळत, मग सुरळीत, मग तर खळाळून! पलीकडच्या खाटेवरची नर्मदाबाई कुरकुरली, "अगं ए, जरा दम खा, आमाला झोपू दे!"

द्वारकाबाई चटकन थांबली. जिवनबाईचा श्वास संथ लागला होता, डोळे मिटले होते. झोपली असावी म्हणून ती हळूच उठू लागली, तर पदर ओढला गेला. म्हातारीनं तो मुठीत घट्ट धरला होता.

"थांबू नको गं," ती डोळे न उघडता म्हणाली. "मला झोप लागली तरी बोलत राह्य."