दोराचं उत्तर

"हे आमच्या तिमोफेयच्या बाबतीत घडलं," प्रोखर आजोबा म्हणाले आणि चुलीत लाकूड सरकवलं. बाहेर पांढऱ्या समुद्रावर काळोख. उद्या बर्फाखाली उतरणारी रीता आणि कोस्त्या चहा पीत होती.

"भुताची गोष्ट असेल तर सांगा हं, आजोबा. नियम नकोत, ते पाठ आहेत," रीता म्हणाली.

"या गोष्टीत दोन्ही वेगळी नाहीत, पोरी."

तेरा जानेवारी, जुन्या पंचांगाप्रमाणे नववर्षाची रात्र. घरी मांस भरलेले पेल्मेनी उकळत होते. शास्त्रज्ञांचं एक यंत्र तळाशी राहिलं होतं, ते आणायला किरिल निघाला. किरिल म्हणजे तिमोफेयच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बर्फात पाडलेल्या भोकाशी तिमोफेय दोर धरून बसला. रीत साधी. वरून एक झटका म्हणजे 'ठीक?' खालून एक झटका म्हणजे 'ठीक.'

"बघ, झकास चालतोय!" किरिलने त्या कडाक्यात उभ्या उभ्याच रेग्युलेटरमधून, टाकीतली हवा तोंडात देणाऱ्या झडपेतून, श्वास ओढून दाखवला.

"दाजी, पाण्याबाहेर नका ना ओढू! श्वासाची वाफ आत गोठते. आणि दुसरा रेग्युलेटर कुठाय?"

"तू मेव्हणा आहेस का सासू? गेलो नि आलो!"

तो उतरला.

जरा वेळाने भोकातलं पाणी उकळल्यासारखं फसफसलं. रेग्युलेटर उघडाच गोठला होता. टाकीतली हवा नुसती वाहून चालली होती. तिमोफेय दोर ओढणार, तोच खालून झटका आला.

ठीक.

तो थांबला.

बुडबुडे थांबले. त्याने झटका दिला. लगेच उत्तर आलं. ठीक.

पुन्हा दिला. ठीक.

हाताला बोटं आहेत की नाहीत, कळेना. पाण्यावर बर्फाची साय धरू लागली. तिमोफेयला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. झटका...

ठीक.

मग त्याने ओढलं.

किरिल वर आला. डोळे उघडे. केव्हाच गेलेला.

"मग... उत्तर कोण देत होतं?" कोस्त्याने विचारलं.

आजोबांनी चुलीतले निखारे सारखे केले.

"बुडबुडे थांबले की ओढायचं," ते म्हणाले. "दोर काहीही सांगो."

 रीताच्या कपातला चहा तसाच राहिला.

"पुढे?" कोस्त्या हळूच म्हणाला.

किरिलच्या पट्ट्याला आणखी एक दोर बांधलेला होता. तागाचा, डांबर फासलेला. तसला आता कुणी वापरत नाही. तो भोकातून खाली गेला होता. ताठ.

तिमोफेयने सुरी काढली. पातं दोराला लागलं...

खालून एक झटका.

त्याने कापला. टोक पाण्यात गेलं.

घरी बहिणीने किरिलचा पट्टा सोडला. पट्टा गोठून लाकूड झाला होता. केस, सूट, सगळंच. त्या तागाच्या दोराची गाठ मात्र पट्ट्यालाच राहिली होती. तिने बोटाने चाचपली.

गाठ कोरडी होती.