येतंय गो

एप्रिल संपत आला की देवगड तालुक्यात पाऊस यावा असं मोठ्याने म्हणायचं नसतं. झाडावर हापूस असतो. वळवाची एक सर आली, सोबत चार गारा आल्या, की वर्षभराची मेहनत कलमाखाली पडून डाग धरते. त्यामुळे अख्खा तालुका 'नको रे बाबा' म्हणत आभाळाकडे बघत असताना आम्ही तिघंच 'ये रे बाबा' म्हणत बघायचो, तेही चोरून. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'गडगडाट' होतं. सासूबाईंना ते कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भिकेचे डोहाळे."

तिघं म्हणजे मी किशोरी, माहेर कट्टा गावचं, देवगडात एका शाळेत विज्ञान शिकवते. दुसरा माझा नवरा कौस्तुभ, लग्नांचे फोटो काढतो. तिसरा त्याचा मित्र सर्वेश, कचेरीत नोकरीला. त्याने गच्चीवर पर्जन्यमापक बसवला होता आणि तो इतका कोरडा नि स्वच्छ असायचा की त्यातून चहा प्यावा.

सर्वेशला आकडे हवे असत, मला ढग आवडायचे, आणि कौस्तुभला एकच फोटो हवा होता. आमच्या फाटकातून निघून घरामागची पायवाट चढली की वर सडा लागतो. नुसता काळा कातळ, मधेमधे करवंदीच्या जाळ्या, पश्चिमेला कुणकेश्वरचा समुद्र आणि पूर्वेला सह्याद्रीची रेघ. त्या सड्यावर वीज टेकते तो क्षण त्याला पकडायचा होता. त्यासाठी तो भर वादळात तिथे उभा राहणार होता, आणि सड्यावर माणसाहून उंच काहीही नाही. गडगडाट ऐकू आला की उघड्यावर थांबू नये, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. मुलं ऐकतात. घरात माझं कोण ऐकतं! मला पाऊस हवा होता, पण तो येईल तेव्हा कौस्तुभ घरात हवा होता. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

त्या वर्षी रोज दुपारी घाटावर ढग चढायचे. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे, कडा स्पष्ट, पोटाशी निळे. आम्ही सड्यावर बसून बघायचो. कातळ तापलेला असायचा, खालून काजूच्या बोंडांचा आंबूस वास यायचा, आणि संध्याकाळ व्हायला लागली की ढग जागच्या जागी विरून जायचे. घाट उतरून समुद्राकडे एकही यायचा नाही.

"ढगांची गाडी फोंड्याच्या घाटातच पंक्चर होता," सर्वेश म्हणायचा.

एकदा वैतागून कौस्तुभ उठला. सड्याच्या टोकाला राखणदाराचा, गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. शेंदूर नाही, छप्पर नाही, वर्षातून एकदा कोणीतरी नारळ ठेवून जातं. कौस्तुभ त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला आणि देवळात गावातर्फे मागणं मांडणाऱ्या गावकाराच्या सुरात त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी तीन लेकरा आज तुझ्या पायाकडे उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं हसत ओरडलो.

"घाटार अडाकलेला आभाळ एकदा तरी आमच्याकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि विजेक माझ्या कॅमेऱ्यापुढे आणून उभी कर, बाकी आमचा काय मागणा नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हसून हसून पोट दुखलं. मग ऊन उतरलं आणि आम्ही निघालो. दोघं पुढे गेले. मी थर्मास, कप, चटई गोळा करत मागे राहिले. चटई गुंडाळत असताना पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "येतंय गो."

पुरुषाचा आवाज, अगदी रोजच्यातला. सर्वेश निरोप घेतोय असं मला वाटलं. मान वर न करता मी म्हणाले, "ये हां. सावकाश ये."

आमच्याकडे निघताना 'जातंय' म्हणत नाहीत. जाणारा 'येतंय', म्हणजे 'येतो', म्हणतो, आणि घरातला माणूस 'ये' म्हणतो. लग्नानंतर शाळेच्या पहिल्या दिवशी मी घाईत 'जातंय' म्हणाले, तर सासूबाईंनी मला फाटकातून मागे बोलावलं, पाटावर बसवलं, घोटभर पाणी दिलं, 'येतंय' म्हणायला लावलं, स्वतः 'ये' म्हणाल्या आणि मगच सोडलं. बस चुकली. तेव्हापासून हे उत्तर माझ्या तोंडून आपोआप येतं, शिंकेसारखं.

चटई काखेत मारून मी वळले. मागे दगड होता आणि मोकळा कातळ. माणूस नव्हता. कौस्तुभ पायवाटेच्या तोंडाशी माझी वाट बघत उभा होता, आणि सर्वेशची मोटरसायकल खालच्या वळणावर दिसत होती.

रात्री सर्वेशला विचारलं. तो म्हणाला, "सॉरी वैनी, कचेरीतसून फोन इल्लो, काय न सांगताच पळालंय."

वारा, उन्हाने भणाणलेलं डोकं, आणि कानाला ओळखीचं ऐकायची सवय. मी स्वतःला हे नीट समजावलं आणि दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून सासूबाईंना सांगितलं. त्या फणस कापत होत्या. त्यांचा तेलाने माखलेला हात थांबला.

"आणि तू काय म्हणालंस?"

"ये म्हणाले. सवयीने."

"बघितल्याशिवाय?"

"हो."

त्यांनी पुन्हा फणस कापायला घेतला. कापता कापता म्हणाल्या, "आता परत कोण येतंय म्हणालो तर आधी तोंड बघ. मगे बोल."

त्यानंतर ढग घाट उतरला.

आधी तो कणकवलीच्या बाजूच्या डोंगरांवर दिसला. मग अलीकडच्या रांगेवर. समुद्रावरचा वारा रोजच्यासारखा पूर्वेकडे वाहत होता, आणि एकच ढग त्याच्या विरुद्ध, दरदिवशी थोडा थोडा आमच्याकडे सरकत होता. संध्याकाळी तो विरत नव्हता. सकाळी उठून बघावं तर जिथे होता तिथेच. कौस्तुभ आनंदाने वेडा झाला होता. सर्वेशने रडारचं चित्र पाठवलं. त्यात आमच्या तालुक्यावर काहीच नव्हतं. 'यंत्र बिघडलं असेल,' असं मी ग्रुपवर लिहिलं. मला ते पटलेलं नव्हतं.

गडगडाटही विचित्र होता. खरा गडगडाट लांबतो, घुमतो, डोंगरावर आपटून परत येतो. हा तसा नव्हता. एकदाच, आखूड, कोणी घसा साफ करावा तसा. आणि दरवेळी सारखाच.

"तू सड्यावर जाणार नाहीस," मी कौस्तुभला म्हणाले.

"अगो, वर्षानुवर्षं वाट बघतंय मी."

"मला भीती वाटते, कौस्तुभ. खरंच वाटते."

"विज्ञानाच्या बाई तू! तुका भीती?" त्याने माझा गाल ओढला. मी त्याचा हात झटकला आणि लगेच वाईट वाटलं.

ज्या दुपारी ढग आमच्या कलमांवर आला त्या दुपारी सासूबाई आणि मी पडवीत आंबे पेंढ्यात लावत होतो. कौस्तुभ आत झोपला होता, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. उजेड एकदम पिवळा झाला. कावळे गप्प झाले. पान हलत नव्हतं आणि तरीही वाऱ्याचा आवाज येत होता, वरून, खूप उंचावरून.

फाटक आमच्या पडवीतून दिसत नाही. मधे पायरी आंब्याचं जुनं झाड आहे. त्या झाडापलीकडून आवाज आला.

"येतंय गो."

माझ्या ओठांवर उत्तर आलंच होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"कौस्तुभ?" मी ओरडले. "तू आहेस का?"

वरती तो आखूड गडगडाट झाला. मग पुन्हा, "येतंय गो."

आवाज कौस्तुभसारखा होता. पण सड्यावरचा तो आवाज तरी कसा होता? मला आठवेना. कितीही प्रयत्न केला तरी आठवेना. तो कौस्तुभ असेल आणि मी 'ये' म्हटलं नाही, तर तो 'ये' न घेता निघाला. तो कौस्तुभ नसेल आणि मी 'ये' म्हटलं, तर फाटकाशी जे आहे ते घरात आलं. विज्ञान शिकवणारी बाई मी, पेंढ्यात हात घालून हा हिशेब करत बसले होते.

"बोला नको," सासूबाई कुजबुजल्या. "माझो झील कौस्तुभ असलो तर आत येतलो. बोला नको."

तिसऱ्यांदा आवाज आला. या वेळी हळू.

मी बोलले नाही.

मग पावलं निघून गेल्यासारखी वाटली. मी मनगट सोडवून खोलीत धावले. चादर बाजूला पडली होती. कॅमेऱ्याची बॅग नव्हती आणि मागच्या दाराची कडी काढलेली होती.

फाटक उघडं होतं.

मी पायवाटेकडे पळाले आणि पहिल्याच चढावर पाऊस कोसळला. समोरचं झाड दिसेना. सड्यावर वीज उतरली. उतरली आणि राहिली. विजेला इतका वेळ राहता येत नाही, हे मला माहीत आहे. सगळा सडा पांढरा झाला होता आणि कसलाही आवाज येत नव्हता.

सासूबाईंनी मला ओढत घरी आणलं. मी रडत होते. त्याला 'ये' म्हणाले नाही, एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दिवेलागणीला कौस्तुभ आला.

पाऊस पडतच होता. तो पडवीत उभा राहिला आणि मी त्याच्या गळ्यात पडले. त्याच्या आईने त्याच्यावरून मीठ ओवाळलं. खूप वेळाने माझ्या लक्षात आलं की नुकत्याच बदललेल्या साडीचा माझा पदर त्याला लागून भिजायला हवा होता. त्याचा शर्ट कोरडा होता. केससुद्धा.

"फोटो मिळाला?" मी विचारलं.

"फोटो?" तो म्हणाला. बॅग त्याने उघडलीच नव्हती.

जेवताना मीच विषय काढला. "मघाशी फाटकातून हाक तू मारलीस?"

"मग कोण? तीनदा म्हटलंय येतंय म्हणान. तू ये म्हणाक नाय."

"मला कळलं नाही रे. मी घाबरले होते."

"रवांदे," तो शांतपणे म्हणाला आणि भात कालवू लागला. "वर गेल्यार मिळाला ता."

"काय मिळालं?"

"सड्यार कोणतरी म्हणाला, ये."

सासूबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली.

दुसऱ्या दिवशी कळलं, पाऊस फक्त आमच्याकडे पडला होता. सर्वेशचा पर्जन्यमापक कोरडा होता. आमच्या बागेत एकही आंबा गळला नव्हता. ढग मात्र हलला नव्हता. तो सड्यावर बसून होता, घराकडे पाठ करून, असं मला उगाच वाटायचं.

कौस्तुभ जसा होता तसाच होता. जेवायचा, हसायचा, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा. बदल सासूबाईंनी आधी हेरला. काड्यापेटी आणायला निघताना तो म्हणाला, "जातंय गे आये."

"येतंय म्हण!" त्या केवढ्यांदा ओरडल्या. त्याला मागे बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. "म्हण बाबा. येतंय म्हण."

त्याने तोंड उघडलं. शब्द विसरल्यासारखा आमच्याकडे बघत राहिला. मग ओशाळून हसला आणि म्हणाला, "जातंय."

तरी तो काड्यापेटी घेऊन परत आला. त्या आठवड्यात तो दरवेळी परत आला. दरवेळी आधीपेक्षा उशिरा. मी शाळेला सुट्टी आहे म्हणून देवाचे आभार मानत फाटकाशी बसून राहायचे.

काल दुपारी उजेड पुन्हा पिवळा झाला.

सासूबाई चुलीपाशी होत्या. कौस्तुभने शर्ट घातला, केस विंचरले, पाहुण्याकडे जातात तसं. कॅमेरा खुंटीलाच होता. मी फाटकाशी त्याची बाही धरली.

"जातंय गो," तो म्हणाला.

"येतंय म्हण. एकदाच म्हण, कौस्तुभ. मी ये म्हणते. हजारदा म्हणते. ये, ये, ये."

त्याने प्रेमाने माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं एकेक करून सोडवली. मग सड्याकडे तोंड केलं, आणि तो शब्द त्याला आठवला.

"येतंय," तो म्हणाला.

वारा पडला. पायवाटेच्या वरच्या टोकाकडून उत्तर आलं, अगदी रोजच्यातलं, कामात असलेल्या बाईने मान वर न करता द्यावं तसं.

"ये हां. सावकाश ये."

तो चालू लागला. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. घरातून सासूबाईंची हाक आली.

"किशोरी? अगो, तू सड्यार कित्याक गेलंस?"