कोणाला दुखतंय?

चिपळूणच्या त्या शाळेत नऊ वर्षांत एकही मूल दुखलं म्हणून रडलं नव्हतं. रडायची वेळच येत नसे. गुडघा फुटला, दाढ ठणकली, पोटात कळ आली, की मुलाच्या तोंडून आवाज निघायच्या आत बाई त्याच्यापाशी पोचलेल्या असत. बाईंचाही गुडघा दुखलेला असे.

याला सहवेदक म्हणत. दुखण्याची बातमी शरीरातून मज्जारज्जूच्या वाटेने मेंदूकडे जाते. मुलाच्या मानेत कातडीखाली बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा कण ती वाटेतच वाचायचा आणि तिचा दहावा हिस्सा शिक्षकाच्या मानेवरच्या पट्टीकडे पाठवायचा. पट्टी ती कळ शिक्षकाच्या शरीरात त्याच जागी उमटवायची. कळ कोणाची, ते मात्र ती सांगत नसे. ते शोधायला उठावं लागे.

शर्मिला सुर्वे चौथीला शिकवत आणि त्यांची मुलगी केतकी त्याच शाळेत दुसरीला शिकवायची. शुद्धलेखन टाळायला काही मुलं स्वतःला चिमटे काढत. सुर्वेबाई दंड चोळत म्हणत, "चिमट्याला मार्क नाहीत. लिहा." घरी केतकी डोकं धरून बसली, की म्हणायच्या, "बाम हवा असेल तर तोंडाने सांग. घरी मी पट्टी लावत नाही."

जानेवारीतल्या एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला, सुर्वेबाईंच्या छातीत दाबल्यासारखं झालं आणि कळ डाव्या हातात उतरली. त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, "कोणाला दुखतंय?" कोणी बोललं नाही. त्या बाकाबाकाशी गेल्या, चौतीस मुलांना एकेक करून विचारलं. त्यांना घाम फुटला होता. संपल्यावर पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात केली. शेवटी ऋजुता नावाच्या मुलीला त्यांच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "मला दुखतंय, बाई."

बाईंना एकदम हायसं वाटलेलं दिसलं, असं मुलं नंतर सांगत होती. त्यांनी शाळेच्या नर्सला बोलावलं. नर्सने ऋजुताला आडवं केलं, नाडी पाहिली, छातीला यंत्र लावलं. अकरा मिनिटं गेली. बाई शेजारी जमिनीवर बसून तिच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. तो हात थांबला, ते कोणाच्या लगेच लक्षात आलं नाही.

सहवेदक बनवणाऱ्या डॉ. नसरीन मुकादम यांची प्रयोगशाळा रत्नागिरीला होती. आईचं तेरावं झाल्यावर केतकी तिथे गेली. पर्समध्ये शिक्षण खात्याचा कागद होता. जवळच्या नातेवाइकाने हरकत घेतली, तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांमधले सहवेदक बंद होणार होते. शुक्रवारपर्यंत मुदत होती.

डॉ. मुकादम यांनी स्वतः चहा केला आणि मग नोंदी दाखवल्या. त्या तासाला चौतीस मुलांपैकी एकाच्याही कणाने काही पाठवलं नव्हतं.

"म्हणजे सगळं तिचं स्वतःचं होतं," केतकी म्हणाली.

"हो."

हरकत घ्यायची माझी इच्छा नाही, असं केतकीने सांगितलं. तिला एकच बदल हवा होता. मुलाची कळ येताना पट्टीने काहीतरी खूण द्यावी, म्हणजे आपलं दुखणं कुठलं आणि मुलाचं कुठलं ते ओळखू येईल. डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"पहिली पट्टी तशीच होती," त्या म्हणाल्या. "मुलाची कळ आली की मानेला गुदगुली व्हायची."

"मग?"

"महिनाभर शिक्षक धावत होते. सहा महिन्यांनी उठेनासे झाले. वाईट माणसं नव्हती, केतकी. गुदगुली झाली की त्यांना कळायचं, हे आपलं नाही. मग हातातलं काम आधी संपायचं. एका शाळेत एका मुलाचं अपेंडिक्स फुटलं. तीन तास त्याच्या बाईंना पोटात कळ येत होती. त्यांनी भागाकार शिकवून पूर्ण केला."

"वाचला का तो?"

"नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "मग मी गुदगुली काढून टाकली. माणूस स्वतःच्या दुखण्यासाठी उठतो. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी त्याला उठवायचं, तर ते त्याला स्वतःचंच वाटायला हवं. एवढाच माझा शोध आहे."

"आणि आई?"

"नऊ वर्षं जे दुखेल ते दुसऱ्याचंच निघालं, तर स्वतःचं ओळखायची सवय जाते. हे मला सुचायला हवं होतं."

केतकीने गुरुवारी 'हरकत नाही' असं लिहून सही केली. त्यात मनाचा मोठेपणा नव्हता. दोन वर्षांपूर्वी मैदानाच्या कडेला साप चावलेली तिच्या वर्गातली मुलगी या पट्टीमुळेच वाचली होती, आणि ती रोज शाळेत दिसायची. खात्याने एक नवा नियम केला. बाईंनी तीनदा विचारूनही कोणी हात वर केला नाही, तर दुखणं बाईंचंच समजून मॉनिटरने ऑफिसकडे पळत जायचं. परिपाठाला तो सगळ्या मुलांकडून म्हणवून घेतला गेला.

सोमवारी केतकी वर्गावर गेली. आई गेल्यापासून तिच्या बरगड्यांखाली काहीतरी आवळल्यासारखं होत होतं. तपासण्या चांगल्या आल्या होत्या. दुःखानेही असं होतं, असं तपासणारे डॉक्टर म्हणाले होते. सुट्टीत पट्टी नव्हती, तेव्हा ते तिचंच होतं, यात शंका नव्हती. पट्टी लावल्यावर मात्र हे तेच आहे की आणखी कोणाचं, ते सांगता येईना.

सातचा पाढा चालला होता. हे आपलंच आहे, असं स्वतःला बजावत ती सात सत्ते एकोणपन्नासपर्यंत उभी राहिली. मग तिला तो भागाकार आठवला. तिने खडू ठेवला.

"कोणाला दुखतंय?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मोठ्या सुर्वेबाईंचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांना कोणी वेळेवर 'मला' म्हणालं नाही म्हणून त्या गेल्या, असं मुलांनी आपसांत ठरवलं होतं. केतकीने दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मागच्या बाकावर एक हात वर झाला. मग खिडकीपाशी एक. मग एकतीसच्या एकतीस. मॉनिटरचाही. ऑफिसकडे पळायला कोणी उरलं नव्हतं.

केतकी पहिल्या बाकापाशी गेली आणि तिथल्या मुलीच्या कपाळावर तिने हात ठेवला.