मंद सेकंदांचा विक्रम

"कुणी हलू नका," मामाने दबक्या आवाजात बजावलं. "श्वाससुद्धा हळू घ्या."

श्वास घेतल्याने कॉम्प्युटरला काही होत नाही, हे मामालाही ठाऊक होतं. पण टेबलावर उघड्यावाघड्या मदरबोर्डावरचा पंखा घुमत होता, पडद्यावर एकेक ओळ वर सरकत होती आणि खोलीतली सहाही माणसं त्या ओळींकडे टक लावून पाहत होती. शेवटची ओळ आली आणि 'टिंग' असा बारीक आवाज झाला.

"तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद," मामा पुटपुटला आणि मटकन खुर्चीत बसला. "विक्रम मोडला. तोही साध्या पंख्यावर."

मदरबोर्ड घेऊन आलेला कंपनीचा प्रतिनिधी नुसता हसला आणि त्याने आपला टाय नीट केला. मुलांनी सकाळीच त्याचं नाव टायकाका ठेवून टाकलं होतं.

मुलं तीन होती. मोठी टिकटिक. ती शाळेच्या रिले संघाची वेळ घ्यायची आणि सुट्टीतही स्टॉपवॉच गळ्यातून काढायची नाही. दुसरा तिचा मावसभाऊ भोपळ्या. पहिलीत असताना एकदाच गणितात भोपळा मिळाला होता, तेव्हापासून त्याने गणिताशी असं काही हाडवैर धरलं की आता सगळ्या वर्गात त्याच्याइतकं भराभर गणित कुणीच सोडवत नव्हतं, पण नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. आणि तिसरा टिकटिकचा धाकटा भाऊ शेपूट. तो सगळीकडे त्या दोघांच्या मागे असायचा, म्हणून शेपूट.

तिघं सुट्टीला मामाकडे आली होती. मामा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बातम्या लिहायचा. कोणता प्रोसेसर नवा आला, कोणतं ग्राफिक्स कार्ड नुसतंच तापतं, कोणता पंखा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करतो, हे सगळं घराच्या मागच्या खोलीत स्वतः तपासून तो वेबसाइटवर टाकायचा. हजारो वाचक त्याच्या शब्दावर विसंबायचे.

आजची चाचणी होती 'पाय'ची. वर्तुळाच्या गणितात येतो तोच पाय. त्याचे दशांश चिन्हानंतरचे तीन कोटी अंक कोणता कॉम्प्युटर सगळ्यात लवकर काढतो, अशी ही शर्यत. तीन कोटी अंक कुणी वहीत लिहायला बसलं तर जन्म जाईल, असं मामा म्हणाला तेव्हापासून टिकटिक भारावून गेली होती. वहीच्या पानाएवढ्या त्या हिरव्या-काळ्या पट्टीवर एवढं सगळं घडतं, आणि बाहेरून दिसतो काय, तर नुसता एक पंखा!

आजवरचा विक्रम होता चार मिनिटं बारा सेकंदांचा, आणि तो करणाऱ्या लेथकाकू याच खोलीत कोपऱ्यात उभ्या होत्या. काकू कारखान्यात लेथ चालवायच्या. तांब्याचा ठोकळा कातून त्यांनी प्रोसेसरवर बसणारं पेल्याएवढं भांडं बनवलं होतं. त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतला की प्रोसेसर इतका गार पडायचा की त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जोरात पळवता यायचं. अकरा महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यांनी त्या आकड्यामागे घालवला होता. आज मामा त्यांच्यावर लेख लिहिणार होता, म्हणून त्या आपला कॉम्प्युटर आणि नायट्रोजनचं जाड पिंप घेऊन आल्या होत्या. पण मध्येच टायकाका नवा मदरबोर्ड घेऊन टपकला आणि सगळा रंगच बदलला.

"अभिनंदन," काकू शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी तांब्याचं भांडं उचललं आणि हातरुमालात गुंडाळायला घेतलं.

"भांड्याकुंड्यांचे दिवस संपले, ताई," टायकाका म्हणाला. "आता हे असं."

रुमालाची गाठ काकूंना दोनदा बांधावी लागली.

टिकटिकला ते पाहवेना. तिने मान खाली घातली आणि नजर गळ्यातल्या स्टॉपवॉचवर गेली. शर्यत म्हटली की तिचा अंगठा आपोआप बटणावर पडायचा. आताही पडला होता, सुरुवातीला आणि 'टिंग' वाजल्यावरही. आकडा होता चार मिनिटं एकवीस सेकंद.

"मामा, माझ्या घड्याळात चार एकवीस आलेत."

"बटण उशिरा दाबलं असशील."

"तेवीस सेकंद उशिरा?"

"अगं, कॉम्प्युटर सेकंदाचा हजारावा भाग मोजतो. तो चुकेल की तुझा अंगठा? जा, जेवायला चला सगळे. पाच वाजता बातमी टाकायची आहे. दुसऱ्या कुणी आधी टाकली तर आपण बसू हात चोळत."

जेवताना टिकटिकचं लक्ष ताटात नव्हतं. तिघं भराभर उरकून उठली.

"आधी तुझं घड्याळ तपासू," भोपळ्या म्हणाला. "दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी आपले हात धुतलेले बरे."

भिंतीवरचं घड्याळ आणि मामाचा फोन, दोन्हींशी त्यांनी स्टॉपवॉच पाच-पाच मिनिटं ताडून पाहिलं. एका सेकंदाचाही फरक पडला नाही.

"मग राहिलं कोण?" शेपटाने विचारलं आणि तिघांनीही मागच्या खोलीकडे पाहिलं.

टायकाकाने कॉम्प्युटर चालूच ठेवला होता आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी तंबी दिली होती. पण खोलीच्या दाराला काच होती, आणि बघायला कुणाची मनाई नव्हती. तिघांनी काचेला नाकं लावली. पडद्याच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ दिसत होतं, सेकंदांसकट.

"सांग," टिकटिक म्हणाली. "शून्यावर आलं की सांग."

"आता!" शेपूट म्हणाला.

पडद्यावरचे सेकंद एकामागून एक बदलत होते. पाहताना काही वेगळं जाणवत नव्हतं. पण पडद्यावर एक मिनिट पूर्ण झालं तेव्हा टिकटिकच्या स्टॉपवॉचमध्ये पासष्ट सेकंद उलटून गेले होते. त्यांनी आणखी थांबून दहा मिनिटं मोजली. पडद्यावर दहा झाली तेव्हा बाहेर दहा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद झाले होते.

भोपळ्याने खिशातून पेन काढून तळहातावर गणित मांडलं. "त्याचं एक मिनिट म्हणजे आपले पासष्ट पूर्णांक आठ दशांश सेकंद. तीन अठ्ठावन्न म्हणजे दोनशे अडतीस सेकंद. गुणिले... भागिले साठ..." तो थांबला. मग त्याने तळहात दोघांसमोर धरला. "दोनशे एकसष्ट. चार मिनिटं एकवीस सेकंद."

टिकटिकच्या अंगावर काटा आला. काचेच्या पलीकडच्या त्या टेबलावर सेकंदच लांबडा होता. तिथे वेळ वेगळी चालत होती, आणि ज्याच्या आत ती चालत होती त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"खोटं बोलतंय का ते?" शेपटाने हळूच विचारलं.

"नाही रे," टिकटिक म्हणाली. "त्याला खरंच तसं वाटतंय."

ती धावत मामाकडे गेली. मामा बातमीचा मथळा लिहिण्यात गढला होता. "पाचनंतर," तो मान वर न करताच म्हणाला. टायकाका त्याच्या शेजारीच बसला होता. "मशीन आहे ते, बाळ. मशीन चुकत नाही," तो म्हणाला.

"झालं," भोपळ्या बाहेर आल्यावर म्हणाला. "मशीन म्हणेल ती पूर्व दिशा. सांगून कुणी ऐकणार नाही. दाखवायला हवं."

घड्याळात साडेतीन वाजले होते. टिकटिकला रिलेचे सर आठवले. रिलेमध्ये कुणी वेळेवरून वाद घातला की सर एकच करायचे. दोघांना एका रेषेवर उभं करायचे.

ती पुन्हा आत गेली, पण या वेळी टायकाकासमोर उभी राहिली. "काका, दोन्ही कॉम्प्युटर एकदम पळवले तर तुमचा किती पुढे जाईल?"

"चौदा सेकंद पुढे."

"मग त्याचा व्हिडिओ काढला तर? तुमचा पोचलाय आणि काकूंचा अजून धापा टाकतोय. नुसत्या आकड्यापेक्षा ते झकास दिसेल."

टायकाकाचे डोळे चमकले. "मुलगी हुशार आहे हो तुमची," तो मामाला म्हणाला, आणि मामाही लगेच कॅमेरा शोधायला उठला.

"काकू, तुमची तयारी आहे?" टिकटिकने विचारलं. काकूंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," त्या म्हणाल्या आणि रुमालाची गाठ सोडली.

खिडक्या सताड उघडल्या. काकूंनी मुलांना भिंतीपाशी उभं केलं, जाड हातमोजे घातले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पिंपातून नायट्रोजन घेऊन भांड्यात ओतला. भांडं आधी खवळलं, फुसफुसलं. पांढरं धुकं काठावरून उतरून टेबलावर पसरलं आणि तिथून जमिनीवर सांडलं. उणे एकशे शहाण्णव अंश! लाल तांबं बघता बघता पांढरं झालं, त्यावर हिमाची बारीक पिसं उगवली. बाहेर ऊन तापलेलं होतं आणि त्या पेल्याएवढ्या भांड्यात ध्रुवाहूनही गार थंडी उतरली होती. शेपटाने ताईचा हात घट्ट धरला. टिकटिकला वाटलं, ही माणसं इतकी वर्षं या गोष्टींमागे का लागतात ते आपल्याला आत्ता कळलं.

"एक, दोन, तीन."

काकूंनी आणि टायकाकाने एकाच क्षणी कळ दाबली. टिकटिकनेही. ओळी सरकू लागल्या. काकू थेंब-थेंब नायट्रोजन ओतत होत्या, नजर एकदा भांड्यावर, एकदा पडद्यावर. दोन मिनिटं. तीन मिनिटं. टायकाका आरामात हाताची घडी घालून उभा होता.

चार मिनिटं तेरा सेकंद. 'टिंग.'

तो काकूंचा कॉम्प्युटर होता.

टायकाकाने घडी सोडली. त्याच्या पडद्यावर ओळी अजून सरकतच होत्या. मामाच्या हातातला कॅमेरा खाली आला. आठ सेकंद खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता. मग दुसरं 'टिंग' वाजलं, आणि पडद्यावर आकडा आला. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

"नंतर पोचलेला आधी कसा आला?" शेपटाने विचारलं.

टिकटिकने स्टॉपवॉच पुढे केलं आणि भोपळ्याने तळहात.

काकूंनी तळहातावरचं गणित शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी टायकाकाला विचारलं, "मशीन सुरू झाल्यावर तुम्ही ठोका बदललात का?"

"मी... आमच्या प्रोग्रॅममध्ये 'आपोआप वेगवान' असं बटण आहे. ते दाबलं."

"मग तिथेच गडबड झाली," काकू म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "मदरबोर्डावर एक ठोका चालू असतो, हृदयासारखा. प्रोसेसर त्याला गुणून आपला वेग मिळवतो, आणि सेकंदही त्याच ठोक्यावरून मोजले जातात. यांच्या बटणाने ठोका मंद केला आणि गुणक वाढवला. त्यामुळे प्रोसेसरचा वेग होता तेवढाच राहिला, सेकंद मात्र लांबले."

टायकाकाचा चेहरा उतरला. "मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "आकडा इतका चांगला आला की शंका घ्यायचं सुचलंच नाही." त्याने तिथूनच कंपनीला फोन लावला आणि जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. 'पोरांनी शोधलं,' हेही सांगितलं. त्यासाठी टिकटिकने त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मामा मात्र अजून उभाच होता. "प्रत्येक चाचणी भिंतीवरच्या घड्याळासमोर घ्यायची, हा माझाच नियम," तो म्हणाला. "आज पहिला नंबर लावायच्या नादात तो गुंडाळून ठेवला. हजारो माणसांना मी चुकीचं सांगितलं असतं आणि काकूंचं अकरा महिन्यांचं काम एका ओळीत पुसलं असतं." त्याने टिकटिकच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या अंगठ्याची माफी मागतो."

"माझ्या तळहाताचीही माग," भोपळ्या म्हणाला.

पाच वाजता बातमी गेली, पण वेगळी. तिच्यात तिन्ही मुलांचं काम सविस्तर लिहिलं होतं, आणि शेवटी मामाने स्वतःची चूकही कबूल केली होती. तासाभरात दूरदूरच्या वाचकांनी आपापली मशीनं घड्याळ लावून तपासायला सुरुवात केली.

काकू निघायच्या तयारीत होत्या. पिंपाच्या तळाशी थोडा नायट्रोजन उरला होता. "हा काही टिकायचा नाही," त्या म्हणाल्या. "या, पण पायरीवरच थांबा."

अंगणातल्या फरशीवर त्यांनी तो एकदम ओतला. त्याचे शेकडो मणी झाले आणि ते चहूकडे धावत सुटले, फरशीला न टेकता, एकमेकांना चुकवत, मागे धुक्याच्या बारीक रेषा सोडत. तिघं मुलं आ वासून पाहत राहिली. क्षणभरात शेवटचा मणी भिंतीपर्यंत पोचला आणि नाहीसा झाला. फरशी कोरडीच होती.

"मी चाळीस वर्षांची असताना हे पहिल्यांदा पाहिलं," काकू टिकटिकला म्हणाल्या. "तू तेराव्या वर्षीच पाहिलंस. आणि जे मी पाहायला हवं होतं, तेही तूच पाहिलंस. उद्या कारखान्यात ये या दोघांना घेऊन. तुम्हाला लेथ दाखवते."